डावीकडचा वायपर

सागिन अंगणात गाडीचा वायपर बदलत होता आणि त्याची बायको अनारकान खिडकीतून त्याच्यावर पाळत ठेवून होती. बदलत होता तो डावीकडचा, म्हणजे तिच्या बाजूचा. गाडी जपानहून आलेली, जुनी, स्टिअरिंग उजवीकडे. त्यांच्या कराकोल शहरात रहदारीही उजवीकडूनच, त्यामुळे ट्रकला मागे टाकायचं तर समोरचा रस्ता डावीकडे बसणाऱ्यालाच आधी दिसायचा.

कित्येक वर्षं तिच्यासमोरच्या काचेवर नुसते फराटे उमटायचे. बदला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुला कुठं गाडी हाकायचीय?" मग आजच हा पुळका कुणाचा?

त्या बाजूच्या सीटवरचं बटाट्याचं पोतंही हललं होतं. सीट झाडली होती. शिवाय महिनाभर या ठणठणीत माणसाच्या औषधाच्या दुकानात खेपा चालल्या होत्या. दुकानातली जाझगुल नवऱ्याला सोडून आलेली आणि ओठ रंगवणारी. पाणी कुठं मुरतंय ते अनारकानला पक्कं ठाऊक होतं. शाल ओढून ती बाहेर आली.

दांडा आपटून काच तडकू नये म्हणून सागिनने खाली टॉवेल अंथरला होता. नवं पातं काही केल्या आकड्यात बसेना. तो बोटांनी चाचपत होता. मन ठिकाणावर नाही, दुसरं काय, असं तिला वाटलं.

"नीट बसलं का गं?"

"बसलं! अहो, पण एवढी खटपट कुणासाठी? कोण बसणार आहे तिथं? ती रंगवलेली?"

"कोण रंगवलेली?"

"औषधवाली!"

सागिन एरवी असल्या बोलण्यावर खो खो हसला असता. आज तो पातं ओढून बघत राहिला.

"म्हातारे, तूच बसायचंस. उद्या पोरीकडे बालिक्चीला जाताना पुढं ट्रक आला, की समोरून काही येतंय का ते तू सांगायचंस."

"आजवर कधी विचारलं नाहीत ते?"

"आजवर गाडी जरा बाहेर काढून माझा मी बघत होतो."

अनारकानची नजर उजवीकडे गेली. तिथलं रबर फाटून लोंबत होतं. नवं पातं त्याने एकच आणलं होतं.

"आणि तुमच्या बाजूचं?"

"तिथली काच पुसली काय, न पुसली काय, मला सारखंच दिसतं." त्याने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "जाझगुल थेंब देते डोळ्यांत घालायला. उतार नाही."

त्यापेक्षा औषधवालीच असती तर बरं झालं असतं, असं अनारकानला वाटलं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"किल्ली द्या इकडं."

सागिन खिसे चाचपू लागला. किल्ली बॉनेटवर, त्याच्या डोळ्यांसमोर पडली होती.