आवाजासकट

"थू!" ज्ञानेश्वरनं लॅपटॉप पुढे ढकलला. पडद्यावर आईच्या चेहऱ्यावरून आडवी पांढरी अक्षरं गेली होती. फुकट म्हणून उतरवलेल्या सॉफ्टवेअरनं डिस्कची प्रत काढली खरी, पण प्रत्येक चित्रावर आपल्या नावाचा शिक्का मारून. त्याआधीच्यानं तर कहरच केला होता. 'डाउनलोड' लिहिलेलं मोठं हिरवं बटण दाबलं, तर सॉफ्टवेअर राहिलं बाजूला आणि लॅपटॉपभर रमीच्या जाहिराती नाचायला लागल्या. त्या पुसता पुसता त्याला किळस आली, जसं कुणी चिखलाच्या पायांनी देवघरात शिरावं.

उद्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. पुंजाजींना जाऊन वर्ष झालं होतं, पण गावात, सोनाळ्यात, त्यांचं नाव अजून आदरानं घेत. संत्र्याच्या एका चांगल्या हंगामात त्यांनी हँडीकॅम घेतला होता. घरातले वाढदिवस, दिवाळ्या, बागेतली तोडणी, सगळं त्यांनी बारक्या डीव्हीडींवर भरून ठेवलं होतं. आता डिस्कांना डाग पडायला लागले होते. एकेक करून त्या जाणार, त्याआधी प्रती काढायच्या आणि उद्या जेवणं झाल्यावर पाहुण्यांना दाखवायच्या, असं ज्ञानेश्वरनं ठरवलं होतं.

"ज्ञानू, आवाज नसलेलं नाही का भेटत एखांदं?" कोकिळाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "नुसतं चित्र आलं तरी झालं."

"अवं आई, आवाजासाठीच त करून राह्यलो. कॅमेरा बाबाच्याच हातात. ते दिसतेत कुठं त्याच्यात? आवाजच हाये त्यायचा."

कोकिळाबाई पुन्हा गॅसकडं वळल्या.

काजल, त्याची धाकटी बहीण, दारात बसून उद्यासाठी तांदूळ निवडत होती. महिना होत आला, ती माहेरीच होती. उद्या तिचा नवरा मलकापूरहून येणार होता आणि जाताना तिला घेऊन जाणार होता. ते ज्ञानेश्वरनंच फोनवर पक्कं केलं होतं.

"दादा, मले नाही जायचं," ती मान वर न करता म्हणाली.

"मारते का तो तुले?"

"मारत नाही. पण चारचौघात तोंडाले येईन ते बोलते. दुकानातल्या पोरायसमोर, गिऱ्हाइकासमोर."

"बोलण्यानं अंगाले भोकं पडते का? बाबा काय कमी कडक होते? आईनं नाही केला संसार?"

काजल उठली आणि तांदळाचं सूप घेऊन आत गेली. थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला. बॅग भरायला लागली असावी, असं समजून त्याला बरं वाटलं.

चौथं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच साधं होतं. ना जाहिरात, ना शिक्का. त्यानं डिस्क जशीच्या तशी उतरवली आणि खाली एक चौकट दाखवली: आवाज ठेवायचा की काढायचा. ज्ञानेश्वरनं ठेवायचा म्हणून खूण केली. प्रत बरोबर आली का ते बघायला कानाला हेडफोन लावले.

काजलचा पाचवा वाढदिवस. केक, फुगे, शेजारपाजारचे लोक. आई केकचं ताट घेऊन पुढं आली आणि अगदी कानाशी, कॅमेऱ्यामागून, बाबांचा आवाज आला.

"ए बयताडे, सरक बाजूले! तुह्या थोबाडापायी सारी शूटिंग खराब होऊन राह्यली. तुह्या बापानं कधी केक पाह्यला होता का?"

लोक हसले. आई पण हसली. मग पदर तोंडावर घेऊन चौकटीबाहेर गेली.

त्यानं दुसरी डिस्क लावली. दिवाळी. तिसरी. संत्र्याची तोडणी, दहा-बारा मजूर, आणि त्यांच्यासमोर तोच आवाज. प्रत्येक डिस्कमध्ये आई थोडा वेळ दिसत होती आणि शिवी आली की बाजूला सरकत होती. ज्ञानेश्वरला हे शब्द नवे नव्हते. सगळं लहानपण ते त्याच्या कानावर पडत होते, पंख्याच्या घरघरीसारखे. आज हेडफोनमधून ते पहिल्यांदा आत शिरले. त्यानं हेडफोन ओरबाडून काढले. बाबांची किळस येत होती, आणि फोनवर 'उद्या घेऊन जा हो तिले' म्हणणाऱ्या स्वतःच्या आवाजाचीही.

तो स्वयंपाकघरात गेला. "आई, आवाज काढूनच टाकतो मी. सगळ्या डिस्कायचा."

कोकिळाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "आइकलं तू?"

"हाव."

"मंग आता काऊन काढतं? तुह्यासाठीच काढ म्हणत होती मी. बाप चांगला राहू दे म्हटलं पोराच्या मनात."

कोकिळाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर येऊन लॅपटॉपसमोर बसल्या.

"याचा आवाज मोठा कुठून होते?"

त्यानं हेडफोनची वायर काढली आणि बटण दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत दाबलं. मग आतल्या खोलीकडं तोंड करून, ज्ञानेश्वरनं कधीच ऐकला नव्हता इतक्या मोठ्यानं हाक मारली.

"काजल, ते बॅग राहू दे अन् इकडं ये. मी कसा संसार केला, ते आइक!"