नाग्पोची झुलपं

सगळ्यांत पुढचा याक नाग्पो बर्फात थांबला, तसे त्याच्यामागचे बाराही याक थांबले. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. रात्री पडलेल्या ताज्या बर्फावर आता ऊन चकाकत होतं आणि खिंड अजून बरीच वर होती.

ल्हाझोमने त्याच्या उघड्या कपाळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पाच दिवसांपूर्वी तिनेच ती झुलपं कातरली होती. शेतीच्या गावातून ती या तंबूत सून म्हणून आली, त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. आतली मऊ लव विंचरून काढायची, वरचे राठ केस कातरायचे, एवढं तिला शिकवलं होतं. त्या राठ केसांचा दोर थंडीत ताठरत नाही. त्यांचा तंबू पावसात फुगतो आणि आपली भोकं आपणच बुजवतो. या केसांचं तिला भारी कौतुक वाटायचं. सगळ्यांत लांब केस तिला नाग्पोच्या कपाळावर दिसले. सासू युदोन खूश होईल म्हणून तिने तेही कातरले. युदोनने ती जुडी उचलली, नाग्पोकडे पाहिलं आणि ती घेऊन तंबूत गेली. ते पाहणं ल्हाझोमला तेव्हापासून टोचत होतं.

"आमा-ला, झुलपांची सावली गेली, आता याचे डोळे जातील?" तिने सासूला विचारलं.

"तुझ्या माहेरच्या जनावरांना डोळे नसतात का गं?" युदोन म्हणाली. "हा इथे बसला तर मागची वासरं संध्याकाळपर्यंत गारठून मरतील."

तिने आपल्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. काळ्या केसांची, चार बोटं रुंद, विरळ विणीची. तिच्यातून वाट दिसायची, पण बर्फाची तिरीप आत यायची नाही. युदोनने ती नाग्पोच्या शिंगांना बांधली. पट्टी त्याच्या डोळ्यांपुढे लोंबली. नाग्पो फुरफुरला. मग त्याने पाऊल उचललं.

ल्हाझोमने घाईघाईने स्वतःचा बाजारातला गॉगल काढला. "हा तुम्ही घ्या."

"नको, तो श्वासाने धुरकटतो. आणि दोघींपैकी एकीने तरी बघायला हवं. हो पुढे."

युदोनने डोळे घट्ट मिटले आणि नाग्पोची शेपटी धरली. "लग्न झाल्यापासून याच्याच घराण्याच्या शेपट्या धरून चालतेय मी."

दुपार कलताना ते खिंडीपलीकडे उतरले. बर्फ संपला, गवत लागलं. ल्हाझोमने वासरं मोजली. सगळी होती.

तिने शिंगांवरची पट्टी सोडून सासूच्या हातात दिली. पट्टीच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झाल्या होत्या.

"चुकलं माझं, आमा-ला. इतकी जपलेली वस्तू माझ्यापायी जनावराला बांधावी लागली. तुमच्या आईने विणलेली का?"

"सासूने."

युदोन दगडावर टेकली. अंगरख्यात हात घालून तिने लाल दोऱ्याने बांधलेली केसांची जुडी काढली. नाग्पोची झुलपं. दोराच्या ढिगात तिने ती टाकलीच नव्हती.

"बस अशी समोर. टोक धर."

"याची पट्टी विणायची? माझ्यासाठी?"

युदोनने आपली जुनी पट्टी मांडीवर सरळ केली. "मग ही कशाची वाटली तुला? याच्या पणजीची झुलपं आहेत, मी कातरलेली. माझाही तेव्हा पहिलाच उन्हाळा होता."