चुना उतरेपर्यंत

मिस्त्री दवाखान्यातून परत आला तो हातात माशांची पिशवी घेऊन. रिपोर्ट आणायला गेलेला माणूस मासे घेऊन येतो, हे बघून खाटेवर पडलेली त्याची बायको आधी हसलीच.

"अहो, रिपोर्ट कुठायत?"

"डॉक्टरांकडेच ठेवले. औषध बदलणार आहेत. बरं वाटेल म्हणाले."

मिस्त्रीने चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि तिच्याकडे न बघता सरळ खाटेच्या पायथ्याशी गेला. तिथे टेबलावर काचेची टाकी होती.

अंथरूण धरल्यापासून तिला समोर नुसती भिंत दिसायची. गिलावा नवऱ्याच्या हातचा, कुठे म्हणून उंचवटा नाही, पण भिंतीकडे माणूस बघून बघून किती बघणार? "समोर काहीतरी हलणारं आणा हो," असं ती एकदा म्हणाली आणि मिस्त्री कामाला लागला. टाकीमागे लावायला दुकानात निळ्या समुद्राचा कागद मिळत होता, तो त्याला बघवेना. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल काढून त्याने भाजीच्या सुरीने त्यात कपारी कोरल्या. वरून सिमेंटचा पातळ हात दिला, तो वाळल्यावर दुसरा, मग काळा रंग कालवून आणखी एक. बायको पडल्या पडल्या मुकादमकी करत होती. "तिकडे एक बीळ ठेवा. माशालाही कधी कुणाचं तोंड बघू नये असं वाटत असेल." त्याने बीळ ठेवलं. घरभर थर्माकोलचे दाणे उडत होते, तिच्या केसांत अडकत होते. आजारपण घरात शिरल्यापासून दोघांना इतकी मजा आली नव्हती.

खडक झाला मात्र झकास. मागच्या काचेला चिकटवून त्याने आज सकाळीच टाकीत पहिलं पाणी भरलं होतं. आता त्याने ती फुगलेली पिशवी गाठ न सोडता तशीच पाण्यावर तरंगत ठेवली. आत केशरी मासे एकमेकांना ढुशा देत होते.

"हे काय?"

"पाण्याची जरा सवय होऊ दे. मग सोडतो."

"आज?"

"मग केव्हा?"

तिचं हसू थांबलं. त्यानेच तिला सांगितलं होतं, नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं. महिनाभर पाणी भरायचं, ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं. चुना उतरायच्या आत मासे सोडले तर त्यांचे कल्ले भाजतात. आणि हा माणूस असा, की त्याने भिंत हातात घेतली की भिंत आणि घरमालक दोघं म्हातारे होतात, अशी त्याची गावभर चेष्टा व्हायची. लग्नाला होकार द्यायलासुद्धा त्याने वर्ष लावलं होतं.

"तुमचं ते महिनाभराचं पाणी?"

"पातळ तर हात आहे सिमेंटचा. काही होत नाही."

हे वाक्य हाताखालच्या कुणी म्हटलं असतं तर मिस्त्रीने त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं असतं. तो पिशवीची गाठ सोडायला लागला. रबर घट्ट होतं, बोटं घसरत होती.

"आपल्या घरात ओटा बांधलात," ती म्हणाली, "तेव्हा मी महिनाभर खाली बसून स्वयंपाक केला. सातवा महिना होता मला. तरी ओट्यावर साधं पातेलं ठेवू दिलं नाहीत."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"का? तेव्हा वेळ होता म्हणून?"

मिस्त्रीचा हात गाठीवरच राहिला. दुखण्याला ती आजवर भ्यायली नव्हती, पण आता भीती वाटली, चांगलीच वाटली. पिशवीतला एक मासा प्लास्टिकला तोंड लावून उघडझाप करत होता.

"आयुष्यात एकदाच घाई केलीत," ती म्हणाली, "आणि लगेच पकडले गेलात."

"तुला बघायला मिळावेत म्हणून गं..."

"मरताना बघू त्यांना? माझ्यासमोर?"

तो टाकीजवळ तसाच उभा होता. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"बादलीत कालचं पाणी आहे," ती म्हणाली. "मासे त्यात ठेवा. बादली इथे आणा, माझ्या हाताशी. आणि टाकीतलं पाणी काढा."

त्याने तसंच केलं. मग रबरी नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून पाणी ओढलं आणि जमिनीवरच्या घमेल्यात सोडून दिलं. एक घोट तोंडात आला होता. तो त्याने थुंकला.

"आहे चुना?"

"आहे."

"मग उद्या परत बदला. परवाही. मी असले नसले तरी महिना पुरा करायचा."

मिस्त्रीने मान हलवली. तिच्याकडे पाठ करूनच तो उकिडवा बसून राहिला. पाणी हळूहळू खाली जात होतं आणि खडक वरून उघडा पडत होता.

पडल्या जागेवरून तिला बादलीत दिसत नव्हतं. तिने खाटेवरून हात खाली सोडला, पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने तिच्या बोटांना काहीतरी हलणारं लागलं.