जिथे कुणी ‘वा’ म्हणत नाही

बायकोने विणकामाची सुई वर उचलली आणि डॉक्टर "वा" म्हणाले.

रेकॉर्ड फिरत होती. समोरच्या खुर्च्यांवर पाहुणे बसले होते आणि त्यांच्या पाठीमागे, दाराशी, बायको स्वेटर विणत होती. डॉक्टरांची नजर तिच्या सुईवरून हलत नव्हती. चाळीस वर्षं लोकांच्या दातांवर यंत्र चालवून त्यांचे कान पार कामातून गेले होते. समोरचा माणूस काय बोलतो ते त्यांना ओठांवरून बरोबर कळे; जन्मच गेला होता लोकांच्या तोंडात बघण्यात. पण रेकॉर्डवर गाणाऱ्या बाईला कुठले आलेत ओठ?

बायकोखेरीज ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. घरात भिंतभर रेकॉर्डी, दर रविवारी सकाळी ऐकायची बैठक, आणि यजमान ठार बहिरे! कळलं असतं तर औषधवाल्यांनी बैठक त्याच दिवशी स्वतःच्या घरी नेली असती. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, घरी नवे स्पीकर आले होते आणि महिनाभर ते डॉक्टरांच्या स्पीकरांत खुसपटं काढत होते. "रविवार गेला तर माझ्याकडे उरतं काय?" असं कान गेले तेव्हाच डॉक्टर बायकोला म्हणाले होते. तेव्हापासून ती सुया घेऊन दाराशी बसू लागली.

आज तर सगळंच पणाला लागलं होतं. बैठकीतले न्यायाधीश दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांची लेक त्यांची जिवापाड जपलेली रेकॉर्ड घेऊन आली होती. एका गायिकेचं घरगुती गाणं, जगात दुसरी प्रत नाही. बैठकीतल्याच कुणाला तरी ती आज देऊन जाणार होती. रेकॉर्ड जिकडे, बैठक तिकडे, हे शेंबडं पोरही सांगेल.

औषधवाले कंबर कसून आले होते. प्रत्येक तानेला मांडीवर थाप आणि "क्या बात है". त्यांच्या शेजारी शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. भारी मितभाषी माणूस. मान किंचित डावीकडे टाकायची आणि क्षणभराने हळूच "वा" म्हणायचं, एवढंच.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या मध्यावर बायकोची सुई पुन्हा वर गेली.

"वा," डॉक्टर म्हणाले.

"वा," मास्तर म्हणाले.

औषधवाल्यांनी डोळे उघडले. "डॉक्टर, इथे कसली दाद देताय? बाई श्वास घेत होत्या."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती निवांतपणे टाके मोजत होती.

रेकॉर्ड संपली. न्यायाधीशांची लेक उठली आणि ती रेकॉर्ड थेट डॉक्टरांच्या हातात ठेवून समोर उभी राहिली.

"बाबा सांगून गेलेत, काका. टाळीच्या जागेवर सगळेच वा म्हणतात. जिथे कुणी म्हणत नाही तिथे जो म्हणेल, त्याला ही दे. त्या श्वासावर बाबा दर वेळी डोळे पुसायचे."

औषधवाल्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. चहाला न थांबताच ते निघून गेले.

घर रिकामं झाल्यावर डॉक्टर बायकोसमोर जाऊन बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं, तुझा कान एवढा तयार आहे आणि मला इतक्या वर्षांत पत्ता नाही?"

"कसला कान घेऊन बसलात? मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी मास्तरांची मान बघते. ती हलली की सुई वर."

"हे आज सांगतेस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

डॉक्टरांना जेवण गेलं नाही. दाद मास्तरांची आणि रेकॉर्ड आपल्याला! ही सरळसरळ चोरी झाली. बायको म्हणाली, गप्प बसा, बैठक हातची जाईल. एकदा नाही, चारदा म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून मास्तरांच्या दुकानात हजर झाले.

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना बोलूच दिलं नाही. कान, सुई, मान, सगळं एका दमात सांगून टाकलं. "तुमच्यासारखा अस्सल दर्दी मी पाहिला नाही, मास्तर. ही रेकॉर्ड तुमची. बैठकही तुमच्याकडे भरवा. मला एक कोपरा द्या म्हणजे झालं."

मास्तरांनी एकेक टाचणी काढून पाटावर ठेवली. उठून दुकानाचं दार लोटून घेतलं. परत येऊन ते डॉक्टरांच्या समोर बसले, ओठ नीट दिसतील असे.

"तुम्ही खरं बोललात, आता मीही बोलतो. मला गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. न्यायाधीशसाहेबांचे कोट शिवायचो, त्यांनी ओढून आणलं, मग नाही म्हणायची लाज वाटली. मी तुमच्या तोंडाकडे बघून वा म्हणतो."

"आणि मान? मान तर माझ्या आधी हलते तुमची."

"ती होय? मशीनवर वाकून वाकून आखडलीय हो, मधूनच झटका येतो. येत्या रविवारपासून मानेला पट्टा बांधायला सांगितलाय."