तुटलेली जागा

समुद्राखालची केबल तुटली आणि अख्ख्या शहराची वाचाच बसली. किनाऱ्यावरच्या केंद्रात थोरल्यानं यंत्रावर तुटलेली जागा मोजली आणि दुरुस्तीच्या जहाजावर असलेल्या धाकट्या भावाला वायरलेसवर कळवली.

"दादा, इथं तर केबल धडधाकट आहे."

थोरल्यानं पुन्हा मोजलं. तुटलेली जागा किनाऱ्याकडे सरकली होती. जहाज मुकाट्यानं मागोमाग आलं. तिथंही केबल शाबूत!

"चेष्टा पुरे हं, दादा. आता खिडकीतून दिसत असेन मी तुला."

दिसत होता. पण यंत्रावरचा आकडा आता पाण्यातला नव्हताच. याच खोलीतला होता. केबल खुर्चीखालून जात होती. थोरल्यानं पाय वर घेतले आणि जिवाच्या आकांतानं वायरलेसवर धाकट्याला हाक मारली.

"दादा, दुर्बिणीतून तुझं तोंड हलताना दिसतंय. आवाज का नाही काढत?"