कोरं बोट

दादाच्या पक्षावर बंदी आली आणि दादा नोम पेन्हच्या तुरुंगात गेला. तेव्हाच चांथू वहिनीने मला बजावलं होतं, "भावोजी, आता निवडणुकीत उरलेत ते सगळे सरकारचेच. आपल्या घरातलं एकही बोट त्या शाईत बुडता कामा नये." गावप्रमुखाची चिठ्ठी मिळाली तरच तिला महिन्यातून एकदा दादाला भेटता येतं, आणि तरी एवढी ठाम!

मी मान डोलावली. पण मी पडलो सरकारी शाळेतला मास्तर. "मत दिलं की लगेच शाळेत येऊन बोट दाखवून जायचं हं," हेडमास्तर हसत म्हणाले, आणि रविवारी मी गुपचूप मत देऊन, त्यांना बोट दाखवून आलो.

घरी येऊन लिंबू चोळलं, राख घासली. बोट सोललं, पण शाई काही जाईना. आणि सकाळचा नाश्ता वहिनीच्याच शेवयांच्या गाडीवर! कुठल्या तोंडाने जाऊ?

तडक औषधांच्या दुकानात गेलो. "काका, जखमेवर लावायची एक पट्टी द्या. बोट कापलंय."

काकांनी माझ्या खिशातल्या हाताकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.



"संपल्या रे. शेवटची आत्ताच तुझी वहिनी घेऊन गेली."