जादा ताट

"व्याख्यानांना बसला नाहीस तरी चालेल," प्रोफेसरसाहेब त्र्यंबकला म्हणाले. "एम. ए.ला पेपरांऐवजी प्रबंध दे. विषय, एकट्या माणसाचा दिवस. हिर्डोशीला सोजराबाई म्हणून म्हातारी आहे. पावसाळाभर तिच्याकडे राहायचं, महिन्याला येऊन मला सांगायचं. मधेच ते घर मोडलं की विषय मोडला, मग प्रबंध नाही."

आता पुण्यात काय म्हाताऱ्यांचा दुष्काळ पडला होता? पण त्र्यंबकनं विचारलं नाही. त्याला आईबाप नव्हते, आणि हे वर्ष बुडालं तर काका पुढं शिकवणार नव्हता. साहेबही तसे एकटेच. बायको परजातीची, म्हणून घरचे तुटले होते. ती वारल्यावर सणावारीही त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे.

सोजराबाईनं त्र्यंबकला ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी तिनं तीन ताटं मांडली. खाणारी माणसं दोन. जादा ताटात चतकोर नाचणीची भाकरी वाढली आणि जेवणं झाल्यावर ती गाईला घातली.

"आजी, हे कुणाचं?"

"आसू दे, बाबा," ती म्हणाली.

पुण्याला जाऊन त्र्यंबकनं हे सांगितलं, तेव्हा साहेबांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हातारी खोकते का, घर गळतं का, असलं काहीबाही विचारत बसले. अभ्यासाची भारीच हौस माणसाला.

श्रावणात म्हातारी तापानं गेली. तिचं म्हणून कुणी पुढं आलं नाही. शेजारचा हैबती म्हणाला, "तिच्या हातचं खाल्लंय तुमी. तुमीच आग्नी द्या." त्र्यंबकनं दिला. आई गेली तेव्हा तो रांगता होता. तेव्हाचं रडू आता रडला.

मग त्याला प्रबंध आठवला आणि त्याची पाचावर धारण बसली.

"बरी आहे, सर," त्यानं पुण्यात सांगितलं.

एका खोट्याला शंभर खोटी लागतात. साहेबांनी म्हातारीसाठी घोंगडी दिली, ती हाच पांघरू लागला. ओस घरात भाकऱ्या थापायचा, करपवायचा. लिहायला सोपं जावं म्हणून तिन्ही ताटं मांडायचा. पाऊस हटत नव्हता, माणूस दिसत नव्हतं. फारच एकटं वाटलं की तो ताटांशीच बोलायचा.

"अजून मांडते ते ताट?" साहेब दर खेपेला विचारायचे.

"मांडते की, सर."

दिवाळीनंतर साहेबांनी प्रबंध वाचून मिटला आणि पसंत केला. त्र्यंबकचा जीव भांड्यात पडला. साहेब उठले, खुंटीवरचा कोट काढला.

"त्या उंबऱ्यात पाय ठेवावा की नाही, इतकी वर्षं ठरत नव्हतं," ते म्हणाले. "तू लिहिलंस म्हणून धीर आला. ते ताट माझं आहे, त्र्यंबक. उद्या आईकडे जेवायला जातो."